जुन्या तारवाचे मोल : वसईच्या किनाऱ्यावरून एक विचार

जहाजबांधणीचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा नव्या जहाजावर खिळलेली असते. ते कोणी बांधले, केव्हा पाण्यात लोटले, त्यावर तोफा किती होत्या, या गोष्टींची नोंद कसोशीने होते. परंतु कोणतेही तारू आपल्या आयुष्याचा फार थोडा काळ नवे असते. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते, गहाण पडते, लढाईत पाडाव होऊन लिलावात निघते ते जुने तारू होय. अशा तारवाची रास्त किंमत कोणत्या मापाने ठरवावी, हा प्रश्न वरवर पाहता व्यापाऱ्याचा वाटतो. पण हिंदी जहाजांना मिळालेल्या न्यायाचा व अन्यायाचा बराचसा इतिहास त्याच प्रश्नात सामावलेला आहे, असे आम्हांस वाटते.

या विचारासाठी वसई प्रांत सोयीचा आहे. वैतरणा आणि उल्हास या नद्यांच्या खाड्यांवाटे ठाण्याच्या जंगलांतील साग येथे समुद्राला मिळे. किनाऱ्यावरील आगाशी बंदर पोर्तुगीजांनी इ. स. १५३० मध्ये आणि पुन्हा १५३१ मध्ये जाळले, यावरून त्याचे महत्त्व कळून येते. पुढे १५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्या तहात तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी वसईस येऊन परवाना घ्यावा आणि सुलतानाच्या बंदरांत लढाऊ जहाजे बांधू नयेत, अशी कलमे होती. नवे बांधण्याची जेथे मनाई, तेथे हाती असलेल्या जुन्याचे मोल वाढणार हे उघड आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पेशव्यांच्या आरमाराचे एक ठाणे येथे झाले.

मराठी साधनांत या प्रश्नास सर्वांत जवळचा उतारा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे इ. स. १७१५ च्या सुमाराच्या ग्रंथात, सापडतो. आरमारासाठी सागादी लाकूड हुजूरची परवानगी घेऊन जंगलातून तोडावे, असे अमात्य सांगतात. आंबा व फणस ही झाडेही आरमाराच्या कामाची खरी. परंतु रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, सबब त्यांना हात लावू देऊ नये. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तरच धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने ते तोडावे. जुनी वस्तू म्हणजे फुकटची वस्तू नव्हे, तिचेही मोल आहे, आणि ते धन्याच्या संमतीने ठरावे, हे तत्त्व येथे राजाज्ञेच्या रूपाने आले आहे. पाश्चात्त्य राजनीतीच्या कौतुकात रमणाऱ्यांनी हा भाग एकवार अवश्य वाचावा.

आता प्रत्यक्ष तारवाकडे वळू. जुने तारू ही एक वस्तू नसून निरनिराळ्या वयांच्या अनेक वस्तूंचा समूह आहे. शीड व दोरखंड थोड्या वर्षांत बदलावे लागतात, डोलकाठी अधिक टिकते, लोखंडी नांगर तर तारू फुटल्यावरही विकता येतो. सांगाड्यातही सर्व भाग सारखे झिजत नाहीत. पाण्याखालच्या फळ्यांना लाकूड पोखरणारा समुद्री किडा लागतो. म्हणून तळाला चुना व तेल यांचा लेप देण्याची चाल होती. खिळ्याभोवती गंज चढला की तेथील लाकूड आधी कुजते. म्हणून जाणता गिऱ्हाईक वय विचारण्याआधी तळ पाहतो, फळी ठोकून तिचा आवाज ऐकतो. मग सांगाड्याची आणि सामानाची किंमत वेगवेगळी धरून बेरीज केली, म्हणजे रास्त आकडा जवळ येतो.

चमत्कार असा की, लंडनमधील विमेवाल्यांची आरंभीची रीतही अशीच होती. लॉइड्सच्या अठराव्या शतकातील नोंदबुकात सांगाड्याची प्रत एका अक्षराने आणि सामानाची प्रत दुसऱ्या खुणेने दाखवीत. पुढे १७९८ च्या सुमारास ही पद्धत बदलली. जहाज कोठे बांधले व किती वर्षांचे आहे, यावर त्याचा दर्जा ठरू लागला, आणि थेम्स नदीवर बांधलेल्या जहाजांना झुकते माप मिळाले. खुद्द इंग्रज जहाजमालकांनाच हे सहन झाले नाही. त्यांनी १७९९ पासून आपले स्वतंत्र नोंदबुक काढले. ही दुफळी १८३४ मध्ये मिटली. ज्या मापात वय हेच सर्वस्व, त्यात सागवानी जहाजाची खरी किंमत कधीच उतरणार नव्हती, कारण त्याचे वय आणि त्याची जीर्णता यांची सांगड ओकच्या जहाजाप्रमाणे बसत नाही.

याचा हिशेब लेफ्टनंट कर्नल वॉकर याने १८११ मध्ये मांडला आहे. (काठेवाडच्या खंडणीचे करार ज्याच्या नावाने ओळखले जातात तोच हा वॉकर.) इंग्लंडच्या आरमारातील जहाज दर बारा वर्षांनी नवे करावे लागते, सागवानी जहाज पन्नास वर्षे व अधिक टिकते, आणि मुंबईस बांधणीचा खर्च तेथल्यापेक्षा एकचतुर्थांशाने कमी, असे त्याचे म्हणणे. म्हणून इंग्रजी जहाज चौपट महाग पडते, असा निष्कर्ष त्याने काढला. वास्तविक त्याच्याच आकड्यांवरून फरक याहून मोठा निघतो. इंग्रजी जहाजास १०० खर्च धरला तर वर्षास सुमारे ८.३ पडतात, मुंबईच्या जहाजास ७५ धरले तर दीड. म्हणजे प्रमाण साडेपाचपटीचे. जुन्याची किंमतही यावरूनच काढता येते. पंधरा वर्षांचे मुंबईचे जहाज घेतले तर पन्नासांपैकी पस्तीस वर्षे शिल्लक, म्हणून ७५ पैकी ५२.५ एवढे मोल उरले. त्याच वयाचे इंग्रजी जहाज या हिशेबाने केव्हाच शून्यावर आलेले असते.

अर्थात वॉकर हा मुंबईच्या बाजूचा वकील होता, हे विसरता कामा नये. दुरुस्तीचा खर्च, गुंतलेल्या भांडवलाचे व्याज, वादळाचा धोका, यांपैकी काहीच वरील हिशेबात नाही. आणि प्रत्येक सागवानी जहाज पन्नाशी गाठते असेही नाही. तरीपण ‘सर एडवर्ड ह्यूज’ या मुंबईच्या जहाजाचे त्याने दिलेले उदाहरण विचार करण्याजोगे आहे. कंपनीच्या आठ सफरी झाल्यावर ते इंग्लंडच्या आरमाराने विकत घेतले. युरोपात बांधलेले जहाज सहांपेक्षा अधिक सफरी निर्धोकपणे करू शकत नाही, असे वॉकर म्हणतो. याहून बोलके उदाहरण पुढचे आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईत मलबारी सागाचे बांधलेले ‘त्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. ऐंशी वर्षांनी, १८९७ मध्ये, इंग्रज सरकारने ते मोडीत काढले. व्हीटली कॉब नामक गृहस्थाने ते सोडवून घेऊन शिक्षणनौका म्हणून वापरले, आणि आज ते इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. मोडीचा भाव ठरविणाऱ्याने वर्षे मोजली होती, लाकूड मोजले नव्हते.

वसईच्या पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा या कोळीवाड्यांत हा प्रश्न अजून जिवंत आहे, मात्र त्यात एक नवा घटक आला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होड्यांना यंत्रे बसली, आणि सांगाड्यापेक्षा लवकर झिजणारी पण सांगाड्याइतकीच महाग अशी वस्तू किमतीत शिरली. हंगामाचाही परिणाम धरावा लागतो. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते. तेव्हा तिची कमाई नाही, राखण मात्र आहे. नारळी पौर्णिमा जवळ आली की तीच होडी लगेच कामाची ठरते. आषाढात विकणाऱ्याची गरज आणि श्रावणात घेणाऱ्याची घाई, या दोहोंच्या दरम्यान कोठे तरी तिचा रास्त भाव असतो. अलीकडे फायबरच्या होड्या आल्या आहेत. त्यांना किडा लागत नाही, गंज चढत नाही. परंतु सागाची फळी ठोकून पिढ्यान्‌पिढ्या ओळखण्यास शिकलेल्या कानाला त्यांच्यापुढे नव्याने शिकावे लागणार आहे.