लग्नघर आणि शेजारी

ज्या घरी लग्न असते त्या घराची खरी स्थिती वऱ्हाडी मंडळींस क्वचितच कळते. मांडव, सनई, पंगती आणि यजमानाची धावपळ एवढे पाहून ती समाधानाने परत जातात. शेजाऱ्याची गोष्ट निराळी. मांडव पडण्यापूर्वीचे घर त्याने पाहिलेले असते आणि मांडव उतरल्यानंतरचेही तो पाहणार असतो. ऑलिंपिक सामने भरविणारे राष्ट्र हे असेच एक लग्नघर होय. पंधरवड्यासाठी येणारा बातमीदार हा तेथील वऱ्हाडी, आणि वर्षानुवर्षे तेथे राहणारा परदेशी मनुष्य हा शेजारी. या दोघांच्या सांगण्यात किती अंतर पडते, हे गेल्या शतकाच्या इतिहासात वारंवार दिसून आले आहे. आणि त्या इतिहासाचा एक धागा सोलापूर शहरापर्यंत येऊन पोचतो.

प्रारंभ बर्लिनपासून करावयास हवा. 1936 सालच्या ऑगस्टच्या 1 ते 16 तारखांस तेथे सामने झाले. भारताच्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात जर्मनीचा 8 विरुद्ध 1 असा पराभव केला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही त्या वेळी बर्लिनला गेले होते व त्याने आपल्या देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. पाहुण्यांस शहर स्वच्छ, शिस्तबद्ध व आतिथ्यशील दिसले, यात नवल नाही. ते तसे दिसावे म्हणून ज्यूंस मज्जाव करणाऱ्या पाट्या काढून ठेवण्यात आल्या होत्या. सामन्यांच्या आधीच शहरातील जिप्सी कुटुंबांस पकडून मार्झान येथील छावणीत नेण्यात आले होते, आणि बर्लिनपासून जवळच असलेल्या झाक्सेनहाउसेन येथे बंदिवानांच्या छावणीचे काम त्याच उन्हाळ्यात सुरू झाले होते.

विल्यम शायरर हा अमेरिकन बातमीदार 1934 पासून बर्लिनमध्येच राहत होता. पाट्या होत्या तेव्हा त्याने त्या पाहिल्या होत्या, म्हणून त्या नाहीशा झाल्याचे त्याच्या ध्यानात आले. 1936 च्या जानेवारीत, हिवाळी सामन्यांच्या तोंडावर, त्याने ही गोष्ट लिहिताच जर्मन वृत्तपत्रांनी व नभोवाणीने त्याच्यावर झोड उठविली. पुढे उन्हाळी सामने संपता संपता त्याने आपल्या रोजनिशीत खेदाने नमूद केले की, सरकारचा प्रचार सफल झाला आहे. त्यास भेटलेले काही बडे अमेरिकन व्यापारी जर्मनीवर प्रसन्न होते. बर्लिनमधील अमेरिकन बातमीदार अन्याय करतात, असे खुद्द गोअरिंगने त्यांस सांगितले होते. वऱ्हाड्यांनी यजमानाचे म्हणणे ऐकून शेजाऱ्यास खोटे ठरवावे, तसाच हा प्रकार झाला.

या सामन्यांच्या आदल्याच दिवशी, 31 जुलै 1936 रोजी, ऑलिंपिक समितीने बर्लिनमध्ये पुढच्या यजमानाची निवड केली. हेल्सिंकीस 27 व टोकियोस 36 मते पडली, आणि 1940 चा मान जपानला मिळाला. परंतु वर्षभरातच जपानने चीनवर युद्ध लादले आणि 1937 च्या डिसेंबरात नानकिंग शहर घेतले. तेथे सर्वत्र शांतता नांदत असल्याची छायाचित्रे जपानी वृत्तपत्रे छापीत होती. त्याच शहरात राहणारे मूठभर परदेशी लोक मात्र कत्तलीची टिपणे करीत होते. त्यांचा अध्यक्ष जॉन राबे हा जर्मन व्यापारी असून नाझी पक्षाचा सभासदही होता. स्वदेशी परतून तो नानकिंगची हकीगत सांगू लागला, तेव्हा गेस्टापोने त्यास पकडले व त्याचे तोंड बंद करून मगच सोडून दिले. शेवटी युद्धाच्या ओझ्यामुळे जपानने 1938 च्या जुलैमध्ये सामन्यांचा मान परत केला.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, 1 सप्टेंबर 1938 रोजी, मुंबई बंदरातून पाच भारतीय डॉक्टर चीनकडे निघाले. त्यांपैकी एक होते सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस. ते 1910 साली जन्मले व मुंबईस डॉक्टर झाले. चीनमध्ये पोचल्यावर थोड्याच महिन्यांत वडिलांच्या निधनाची वार्ता आली, तरी ते परतले नाहीत. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली. 1941 मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे संचालकपद स्वीकारले. क्वो चिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. तोपर्यंत ते परदेशी उरलेच नव्हते. अर्थात तेही तटस्थ नव्हते. ते एका सैन्याबरोबर होते, आणि अखेरच्या वर्षी ते तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. शेजारी प्रेमात पडला की त्याची साक्षही एकांगी होण्याचा संभव असतो, हे विसरून चालत नाही.

हा संभव 2008 साली बीजिंगमध्ये प्रत्ययास आला. तिबेटमधील दंगली व लंडन-पॅरिस येथील ज्योतयात्रेतील निदर्शने यांमुळे पाश्चात्त्य वृत्तपत्रे संतप्त होती, आणि चिनी वृत्तपत्रे केवळ वैभवाचे वर्णन करीत होती. परदेशी बातमीदारांस मोकळीक देणारे नियम जानेवारी 2007 पासून लागू होते, तरी ऐन सामन्यांच्या तोंडावर वार्तालयात कित्येक संकेतस्थळे बंद असल्याचे आढळले. उद्घाटनाचे गीत एका मुलीने गायिले आणि व्यासपीठावर दुसरीच उभी राहिली. धूर, पोलीस व बंधने यांपलीकडे बाहेरच्या वृत्तपत्रांस काही दिसत नाही, अशी तेथील परदेशी रहिवाशांपैकी अनेकांची तक्रार होती. आणि त्याच रहिवाशांस प्रवेशपत्राची मुदत वाढवून मिळणे त्या वसंतात दुष्कर झाले होते. म्हणजे यजमानाची बाजू घेणाऱ्या शेजाऱ्यासही मांडवाची झळ लागलीच.

तेव्हा रहिवाशाचे मत ऐकताना दोन प्रश्न विचारावयास हवेत. त्यास तेथील भाषा येते काय? आणि खरे सांगितल्याने त्याचे काही बुडते काय? बर्लिनच्या पाहुण्यांस पहिली कसोटी उतरता आली नसती. दुसऱ्या कसोटीस राबे उतरला, कारण स्वपक्षाचा रोष पत्करूनही तो बोलला. सोलापूरच्या भैया चौकात डॉ. कोटणीस यांच्या घराचे आज स्मारक झाले आहे. परदेशी राहून तेथील माणसांची भाषा शिकणे, त्यांच्या वाईट दिवसांत त्यांच्याजवळ असणे आणि मग त्या देशाविषयी बोलणे, हा क्रम त्या घरातील मुलाने पाळला. कोणत्याही यजमान राष्ट्राविषयीचे वर्तमान वाचताना, सांगणारा मनुष्य या क्रमाने आला आहे की नाही एवढे पाहिले, तरी वाचकाची पुष्कळशी फसवणूक टळेल.