तोंडाचा वास आणि पाच सी.सी. रक्त

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणं हाच गुन्हा ठरवला. माणूस प्यायलाय हे मात्र ठरायचं तोंडाच्या वासावरून, लाल डोळ्यांवरून आणि झोकांड्यांवरून. २५ मे १९५१ ला बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं बंदीतून वगळली आणि हा पुरावा लंगडा पडला, कारण वास टॉनिकचाही असू शकतो. चारच दिवसांनी कुलाब्याकडे निघालेल्या एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवत होते बेहराम पेसिकाका, खुद्द मुंबईचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी. डॉक्टरांना वास आला, पण बोलणं सुसंगत होतं आणि सरळ रेषेत चालताही येत होतं. पेसिकाकांचं म्हणणं, आपण बी. जी. फॉस हे टॉनिक घेतलं. त्यात तेव्हा सुमारे १७ टक्के अल्कोहोल असायचं. पोटात गेलं ते बंदी असलेलंच मद्य होतं हे सरकारने सिद्ध करावं, असं १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आणि ते दारूबंदीच्या आरोपातून सुटले.

रक्तचाचणी कायद्यात आली ती ही फट बुजवायला. १९५९ च्या दुरुस्तीनुसार रक्तात ०.०५ टक्के किंवा अधिक अल्कोहोल सापडलं, की औषधच घेतलं होतं हे आरोपीने सिद्ध करायचं. हे अन्यायाचं नाही का? आक्षेप खरा आहे, त्याचं वजन मी कमी करणार नाही. पण त्याच वर्षीचे नियम वाचून पाहावेत. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची, कातडी निर्जंतुक पाण्याने पुसायची, स्पिरिटचा बोळा कुठेही वापरायचा नाही, किमान पाच सी.सी. रक्त घ्यायचं, रक्त गोठू न देणारं द्रव्य घातलेल्या कुपीत ओतून जोराने हलवायचं, वर लाखेची मोहोर. स्पिरिटच्या बोळ्याने न प्यायलेला माणूसही अडकला असता. नियम लिहिणाऱ्याने त्याचा विचार केला होता. चाचणी येण्याआधी आरोपीचं नशीब दुसऱ्याच्या नाकावर अवलंबून होतं. म्हणूनच चाचणीने आरोपीचं नुकसान केलं त्याहून रक्षण अधिक केलं, असं मला वाटतं. वास, डळमळती चाल, अडखळतं बोलणं आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावर मद्यपान सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुढे करियाणी खटल्यातही सांगितलं.

दुसरा आक्षेप मला अधिक पटतो: रक्तातल्या अल्कोहोलच्या आकड्यातून रोजचा पिणारा ओळखू येत नाही. रक्तातलं अल्कोहोल तासागणिक ठरावीक गतीने उतरतं, हे स्वीडनच्या विडमार्कने १९२० आणि १९३० च्या दशकांत मांडलं होतं. म्हणजे रात्री भरपूर प्यायलेल्याचंही रक्त पुढच्या दिवसात निवळतं. वर्षानुवर्षांचं पिणं रक्तात शोधायला दुसऱ्या खुणा लागतात: यकृताचं जीजीटी हे विकर, किंवा स्वीडनमध्येच १९७० च्या दशकात हाती आलेलं सीडीटी हे प्रथिन. दोनेक आठवडे रोज भरपूर प्यायल्यावर सीडीटी वाढतं आणि दारू सोडल्यावरही काही आठवडे हळूहळू उतरत राहतं.