निपचित डोक्यातली झोप

टेक्सासमधलं शुगर लँड हे खरोखरच साखरेचं गाव होतं. इंपीरियल शुगरची रिफायनरी 2003 मध्ये बंद पडली. आता इथे ह्यूस्टनला कामाला जाणाऱ्यांची घरं आहेत, त्यात मराठीही. हमरस्त्यावर कुणाच्या डोक्याला जबर मार बसला, तर पेशंटला सहसा ह्यूस्टनच्या बेन टॉब किंवा मेमोरियल हर्मन रुग्णालयात हलवतात. मग आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांचा प्रश्न एकच: शुद्धीवर येईल ना? त्याचं उत्तर शोधताना जी तपासण्यांची फौज उभी राहते, त्यातली एक ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख. तिचा जन्म मात्र टेलिपथीच्या वेडातून झाला.

ईईजीचा जनक हान्स बर्गर तरुणपणी जर्मन सैन्यात असताना घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी घरून खुशाली विचारणारी तार आली. दूर असलेल्या बहिणीच्या मनात भावाविषयी पाल चुकचुकली होती. एका मेंदूतून दुसऱ्यात असं काय जातं, याचा बर्गरने ध्यास घेतला. ते सापडलं नाहीच. पण 6 जुलै 1924 रोजी येना इथे, 17 वर्षांच्या एका मुलाच्या मेंदूतली क्षीण वीज त्याच्या गॅल्व्हनोमीटरने टिपली. त्याने हे 1929 मध्ये छापलं, पण केंब्रिजच्या एड्रियनने 1934 मध्ये दुजोरा देईपर्यंत फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

पुढचा धागा आल्फ्रेड लूमिस या अमेरिकी धनिकाच्या हाती लागला. न्यू यॉर्कजवळच्या आपल्या खासगी प्रयोगशाळेत तो झोपलेल्या माणसांचे आलेख काढी. 1935 मध्ये त्याला झोपेत अधूनमधून उठणारे लहरींचे छोटे झुपके दिसले: सेकंदाला साधारण 12 ते 14 लहरी, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते. सूतकताईच्या चातीसारखा आकार म्हणून त्यांना ‘स्पिंडल’ म्हणतात.

कोमात या झुपक्यांचं काय काम? 1963 मध्ये चॅट्रियन, व्हाइट आणि डेली यांनी डोक्याला मार लागून कोमात गेलेल्यांचे आलेख पाहिले, तेव्हा काहींत चक्क झोपेचे नमुने निघाले. 1968 मध्ये बर्गामास्को आणि त्याच्या इटालियन सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं: असे नमुने दिसणं हे बरं होण्याचं लक्षण मानता येईल का, हे तपासलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष जाहीर केले आणि त्यात सपाट ईईजीला पुराव्याचा मान मिळाला. गाजली ती समिती. मला विचाराल तर इटालियनांचा प्रश्न जास्त अवघड होता. सरळ रेघ ओळखण्यापेक्षा वेड्यावाकड्या रेघेत आशा शोधणं कठीण.

ह्यूस्टनही या कुळाबाहेरचं नाही. बेलर वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीटर केलवे यांनी इथे ईईजीची मोठी प्रयोगशाळा उभी केली. डिसेंबर 1965 मध्ये जेमिनी 7 यानातल्या फ्रँक बोरमनची अंतराळातली झोप आलेखावर उतरली, तीही त्यांनी तपासली.

तपासणी पाहण्यासारखी असते. तंत्रज्ञ टेपने नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत अंतर मोजतो, पेन्सिलीने खुणा करतो, त्वचा घासून पेस्टने इलेक्ट्रोड चिकटवतो. मग टाळी वाजवतो, नख दाबतो, नावाने हाक मारतो. हाकेसरशी आलेखाची चाल बदलली, तर ते चांगलं लक्षण. स्वतःच्या नावाला मेंदू इतर आवाजांपेक्षा जास्त प्रतिसाद देतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून मला वाटतं, ‘मिस्टर’ लावून आडनाव पुकारण्यापेक्षा आईने घरच्या नावाने हाक मारलेली बरी. गुंगीची औषधं चालू असली तर आलेख फसवू शकतो, हेही घरच्यांना आधीच सांगायला हवं.

झुपके मेंदूच्या गाभ्यातला थॅलॅमस आणि मेंदूचं बाह्यपटल यांच्या संवादातून उठतात. जोरदार धक्क्याने या संवादाच्या ताराही ताणल्या-तुटल्या जाऊ शकतात. झुपका दिसला म्हणजे वाट शाबूत असावी.

2025 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या यान क्लासेन यांच्या गटाने मेंदूला ताजी इजा झालेल्या 226 पेशंटांचे आलेख तपासले. सगळेच अपघाताचे नव्हते. सुमारे एक-तृतीयांशांत नीट झुपके होते, आणि त्यांच्यात शुद्ध परतण्याचं प्रमाण जास्त निघालं. 139 जणांत ना झुपके होते, ना सूचनांना मेंदूचा छुपा (शरीर हललं नाही तरी आलेखात दिसणारा) प्रतिसाद. त्यांतलेही 19 जण शुद्धीवर आले.