अच्छेव, खाणपट्टे आणि डिचोलीचे शेत

मांडवीच्या उत्तर काठावरचे आमोणे हे डिचोली तालुक्यातील गाव ग्रामदैवत श्री बेताळासाठी जितके परिचित, तितकेच पिग आयर्नच्या कारखान्यासाठी आणि नदीतून चालणाऱ्या बार्जांसाठी. एका बाजूला खाजने व कुळागरे, दुसऱ्या बाजूला खनिज, अशी या परिसराची रचना आहे. पुलापलीकडे फोंडा तालुका लागतो. त्याच तालुक्यातील वळवई गावात १९५२ साली पुंडलिक नारायण नायक यांचा जन्म झाला. खाणीमुळे उद्ध्वस्त होणाऱ्या शेतकरी कुटुंबाची ‘अच्छेव’ ही त्यांची कोकणी कादंबरी १९७७ मध्ये प्रकाशित झाली. गोव्यातील खाणव्यवसायाच्या सामाजिक परिणामांची चर्चा या कादंबरीला वगळून होत नाही. ते योग्यच आहे, कारण न्यायालयाने पुढे जे प्रश्न हाताळले, त्यांतील बरेचसे तिच्यात आधीच आलेले आहेत.

कादंबरीचा काळ समजून घेण्यासाठी तत्कालीन कायद्यांकडे पाहावे लागते. पोर्तुगीज राजवटीत खनिज काढण्याचे परवाने मुदतीविना दिले जात. मुक्तीनंतर पेडण्याचे सुपुत्र व पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत १९६४ चा कूळ कायदा आला. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्या काळात १९७५ चा मुंडकार कायदा झाला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसेल त्याला जमिनीची मालकी देण्याचे पाऊल उचलले गेले. भाटकाराच्या मर्जीवर राहणाऱ्या घराला व शेताला प्रथमच कायद्याचे छत्र लाभले. मात्र जमिनीखालच्या खनिजावरील परवाने होते तसेच राहिले. बांदोडकर स्वतः खाणमालक होते, ही गोष्टही येथे नोंदवण्याजोगी आहे. हे जुने परवाने १९८७ च्या केंद्रीय कायद्याने रद्द झाले आणि २० डिसेंबर १९६१ पासून खाणपट्टे म्हणून गणले गेले. म्हणजे कुळाला वरची माती मिळण्याची वाट मोकळी झाली, तरी खालच्या मातीचा धनी वेगळाच राहिला. आणि खालची माती काढायची तर वरची टिकत नाही.

‘अच्छेव’मधील कोळंब गाव याच पेचात सापडते. शेतीवर जगणारी माणसे खाणीवर मजुरीला जाऊ लागतात, हातात रोख पैसा येतो, आणि पंढरी व रुक्मिणी यांचा संसार आतून ढासळत जातो. लेखकाने दोष केवळ बाहेरून आलेल्या यंत्रांवर ढकललेला नाही. रोजंदारीचे आकर्षण, व्यसन, बायकांची होणारी कुचंबणा हे सारे गावातल्या माणसांच्या वागण्यातून उलगडते. शेती सोडण्याचा निर्णय त्या माणसांनीच घेतला, पण घेण्याजोगा दुसरा निर्णय त्यांच्यापुढे किती उरला होता, हा प्रश्न वाचकाला सोडत नाही. पुढे ही कादंबरी विद्या पै यांच्या अनुवादातून ‘द अपहीव्हल’ या नावाने इंग्रजीत गेली. ‘चौरंग’ या एकांकिकासंग्रहासाठी नायक यांना १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

न्यायालयीन अध्याय बराच उशिरा सुरू झाला. न्या. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत आल्यावर राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निवाड्यात खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपल्याचे न्यायालयाने ठरवले. वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा आली आणि खनिज विक्रीच्या दहा टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश झाला. त्यानंतर नूतनीकरण केलेले ८८ खाणपट्टे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निवाड्याने रद्द ठरले.

या निवाड्यांत टन, तारखा व टक्केवारी आहे. ती हवीच. पण खाण बंद होताच ट्रकचे हप्ते थकलेला माणूस आणि गाळाने शेत बुजलेला माणूस अनेकदा एकाच घरात राहतात, हे त्या आकड्यांतून दिसत नाही. ‘अच्छेव’चे कायद्याच्या अभ्यासकांनीही वाचन करावे ते याचसाठी. २०१५ मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद झाली. बाधित कोण हे ठरवताना मात्र कूळ, मुंडकार, मजूर व ट्रकमालक यांचे हितसंबंध एकमेकांना छेदतात.

नव्या लिलावपद्धतीत डिचोलीचा पहिला खनिज गट डिसेंबर २०२२ मध्ये वेदान्त कंपनीकडे गेला. डिचोली, बोर्डे, लामगाव, मुळगाव, मये व शिरगाव या भागांतील जमीन त्यात येते. घरे, देवळे, तळी व शेतजमिनी या क्षेत्रातून वगळाव्यात, अशी मागणी ग्रामस्थांनी लावून धरली. २०२४ मध्ये तेथे उत्खनन सुरू झाले, त्यानंतरही मुळगावकरांनी ती सोडलेली नव्हती.