सागरी जलजीवालयातील वातन

समुद्राचे पाणी भरलेल्या काचपात्रात मासे, प्रवाळ इ. प्राणी जिवंत राहण्यासाठी त्या पाण्यात हवेतील ऑक्सिजन सतत विरघळत ठेवण्याच्या क्रियेस वातन म्हणतात. घरगुती जलजीवालयात अन्नाची उणीव मासे काही दिवस सोसतात. ऑक्सिजनाची उणीव मात्र त्यांचा काही तासांतच घात करते. त्यामुळे सागरी जलजीवालयाचा इतिहास हा बऱ्याच अंशी वातनाच्या उपायांचा इतिहास आहे.

शास्त्रीय आधार : पाण्यात ऑक्सिजन फार थोडा विरघळतो, तापमान व लवणता वाढली म्हणजे तो आणखी कमी विरघळतो. समुद्रसपाटीवर २५° से. तापमानास १ लि. गोड्या पाण्यात सु. ८.३ मिग्रॅ., तर समुद्राच्या पाण्यात सु. ६.७ मिग्रॅ. ऑक्सिजन मावतो. ३०° से.ला हे आकडे अनुक्रमे सु. ७.६ व ६.२ मिग्रॅ. होतात. म्हणजे ३०° से.ला १०० लि. खाऱ्या पाण्यात जास्तीत जास्त सु. ०.६ ग्रॅ. ऑक्सिजन असतो, एवढा ऑक्सिजन अडीच लि.हूनही कमी हवेत असतो. स्थिर पाण्यात वरच्या थरातील ऑक्सिजन खाली फार मंद गतीने पोहोचतो. म्हणून पाणी हलते ठेवून खालचे पाणी वारंवार पृष्ठभागी आणणे हेच वातनाचे मुख्य कार्य होय. पंपाच्या बुडबुड्यांमधून थेट मिळणारा ऑक्सिजन सामान्यतः थोडा असतो. त्यांचा अधिक उपयोग पाणी वर उचलण्यासाठी व पृष्ठभाग ढवळण्यासाठी होतो.

प्रारंभीचे प्रयोग : जोसेफ प्रीस्टली यांनी १७७४ मध्ये ऑक्सिजनाचा शोध लावला. सूर्यप्रकाशात वनस्पती हा वायू बाहेर टाकतात, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये दाखविले. वायूच्या दाबाचा त्याच्या विद्राव्यतेशी असलेला संबंध विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला. या ज्ञानाचा जलजीवालयासाठी उपयोग होण्यास मात्र काही दशके लागली. ॲना थिन या इंग्रज महिलेने १८४६ मध्ये टॉर्की येथील किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे पाणी वारंवार आणविणे कठीण असल्याने तेच पाणी टिकविण्याचा मार्ग त्यांनी शोधला. त्यांची दासी उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतीत असे. पुढे त्यांनी पात्रात सागरी शैवलेही ठेवली. समुद्रापासून दूरच्या घरात सागरी प्राणी जगविण्याच्या आद्य यशस्वी प्रयोगांत याची गणना होते.

रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मासे, पाणवनस्पती व गोगलगाय यांच्या परस्परपूरक जीवनाविषयीचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यावरून वनस्पती व प्राणी योग्य प्रमाणात ठेवल्यास पाणी आपोआप शुद्ध राहते, असा समज रूढ झाला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथाने या छंदाची लाट आणली. कृत्रिम सागरजल तयार करण्याची कृतीही त्यांनी याच सुमारास दिली. तथापि वनस्पती अंधारात ऑक्सिजन देत नाहीत, उलट श्वसनासाठी तो वापरतात. यामुळे अनेक हौशी लोकांच्या पात्रांतील प्राणी मरत व पाणी कुजत असे. विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी केवळ वनस्पतींवर विसंबण्याचे सोडून पाण्याच्या अभिसरणावर भर दिला. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे उघडलेल्या जलजीवालयात त्यांनी अंधाऱ्या भूमिगत टाकीतील पाणी पंपाने अखंड फिरते ठेवले व जोरदार धारेने ते हवेसह पात्रांत सोडले. १८८८ मध्ये लायोश विंक्लर यांनी विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची रासायनिक पद्धत शोधली. तेव्हापासून या बाबतीत अनुमानाची जागा मापनाने घेतली.

विसाव्या शतकातील प्रगती : विजेवर चालणाऱ्या छोट्या हवापंपांमुळे वातन घरोघरी शक्य झाले. शतकाच्या मध्यास वाळूखालील गाळणी प्रचारात आली. तीत वाळूतील जंतू अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर करतात. परंतु १ ग्रॅ. अमोनिया-नायट्रोजनामागे त्यांनाही सु. ४.५ ग्रॅ. ऑक्सिजन लागतो. म्हणजे गाळणी स्वतःच ऑक्सिजनाची मोठी ग्राहक असते. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत प्रवाळखडक व बुडबुड्यांचा प्रवाह यांवर आधारलेली पद्धत प्रसिद्ध केली. पुढे फेसाच्या साहाय्याने सेंद्रिय मळ काढून टाकणारे साधन जर्मनीत विकसित झाले. त्यात पाणी व हवा यांचा निकट संपर्क येत असल्याने वातनही उत्तम होते. भारतात प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली २००१ पासून संरक्षण असल्याने समुद्रातून प्रवाळ काढून आणता येत नाहीत.

भारतातील पहिले सागरी जलजीवालय मद्रास येथे १९०९ मध्ये उघडले. महाराष्ट्रात मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. डी. बी. तारापोरवाला यांच्या देणगीमुळे त्यास हे नाव मिळाले. नूतनीकरणानंतर ते २०१५ मध्ये पुन्हा खुले करण्यात आले. अशा किनाऱ्यावरील संस्थांना समुद्र जवळ असतो. अंतर्भागातील हौशी व्यक्तीस ही सोय नसते.

अंतर्भागातील स्थिती : वर्धा शहरास लागून असलेले बोरगाव मेघे हे मुंबईपासून लोहमार्गाने सु. ७५० किमी. दूर आहे. अशा ठिकाणी सागरजल लवणमिश्रणापासून करावे लागते. वैशाख-ज्येष्ठात वर्ध्याचे तापमान ४५° से.च्याही वर जाते. पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि त्याच वेळी माशांची ऑक्सिजनाची गरज वाढते. बाष्पीभवनाने पाणी आटून लवणता वाढते व विद्राव्यता आणखी घटते. मात्र हवा कोरडी असल्याने पाण्यावर पंखा सोडल्यास ते माठातील पाण्याप्रमाणे गार होते. आटलेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानेच करावी लागते, कारण मीठ पात्रातच राहिलेले असते.

पात्र खोल व अरुंद असण्यापेक्षा उथळ व रुंद असणे, त्यावर घट्ट झाकण नसणे, पृष्ठभागावर तेलकट साय न साचणे आणि माशांची संख्या व खाद्य मर्यादित असणे इष्ट असते. मासे पृष्ठभागी येऊन तोंड उघडू लागणे व त्यांच्या कल्ल्यांची हालचाल जलद होणे ही ऑक्सिजन कमी झाल्याची लक्षणे होत. शैवलांच्या रात्रभरच्या श्वसनामुळे ती पहाटे विशेष दिसतात. वीजपुरवठा खंडित झाल्यास गाळणीतील जंतू उरलेला ऑक्सिजन वापरीत राहतात. म्हणून विजेरीवर चालणारा पंप जवळ ठेवतात. तोही नसल्यास पात्रातील पाणी तांब्याने काढून थोड्या उंचीवरून पुन्हा त्यातच ओतीत राहणे हा उपाय उरतो. तत्त्वतः तो १८४६ मधील लंडनच्या प्रयोगाहून वेगळा नाही.