सांतियागोचे राष्ट्रीय क्रीडांगण

खेळाच्या मैदानात राजकारणाने पाऊल टाकू नये, हा उपदेश आंतरराष्ट्रीय फुटबॉलचे कारभारी इतकी वर्षे आणि इतक्या गांभीर्याने करीत आले आहेत की, खेळाडूच्या दंडावरची एखादी पट्टी किंवा प्रेक्षकांनी उभारलेला एखादा फलकसुद्धा त्यांच्या दप्तरी शिस्तीचा प्रश्न होऊन बसतो. परंतु राज्यकर्त्यांनी मैदानाचाच बंदीखाना केला असेल, तर तेथे राजकारण बाहेर ठेवायचे म्हणजे नेमके कोणाला बाहेर ठेवायचे, हा प्रश्न १९७३ साली चिलीच्या राजधानीत असा उघडावाघडा उभा राहिला की, त्याला दिले गेलेले उत्तर फुटबॉलच्या इतिहासातून पुसून टाकणे आजवर कोणालाही साधलेले नाही.

सांतियागोचे हे राष्ट्रीय क्रीडांगण १९३८ च्या डिसेंबरात खुले झाले. पूर्वेस अँडीज पर्वताची हिमाच्छादित रांग, आणि तिच्या पायथ्याशी पसरलेल्या नगरातील सामान्य माणसाच्या सुट्टीच्या दिवसाचे हे हक्काचे ठिकाण, अशी त्याची ख्याती होती. १९६० मध्ये दक्षिण चिलीला, आजवर मोजल्या गेलेल्या भूकंपांतील सर्वांत प्रचंड अशा भूकंपाने उद्ध्वस्त केले असतानाही त्या देशाने दोनच वर्षांनी विश्वचषक स्पर्धेचे यजमानपद निभावून नेले, याच मैदानावर युगोस्लाव्हियाचा एका गोलाने पराभव करून तिसरे स्थान मिळविले आणि याच मैदानावर ब्राझीलने चेकोस्लोव्हाकियाविरुद्धचा अंतिम सामना ३-१ असा जिंकला. चिलीच्या एका संपूर्ण पिढीच्या निर्भेळ आनंदाची स्मृती या वास्तूशी जडलेली होती, ही गोष्ट पुढचे वाचताना विसरता कामा नये.

११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचे लोकनियुक्त सरकार उलथून टाकले, राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर विमानांतून बाँबवर्षाव झाला, आयेंदे मृत्यू पावले आणि दुसऱ्याच दिवसापासून राष्ट्रीय क्रीडांगणाच्या दरवाजांतून बंदिवानांचे ट्रक आत येऊ लागले. कामगार, विद्यार्थी, अध्यापक, डॉक्टर, परदेशी नागरिक, ज्याच्याविषयी कोणी नुसता संशय बोलून दाखविला असे लोक, असा तो जमाव होता. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने त्याच महिन्याच्या २२ तारखेस केलेल्या अंदाजाप्रमाणे त्यांची संख्या सुमारे ७,००० होती. दिवसा त्यांना प्रेक्षकांच्या बाकांवर बसवीत; रात्री खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोल्यांत आणि बाकांखालच्या मार्गांत दाटीने कोंबीत; स्त्रियांना जलतरण तलावालगतच्या खोल्यांत ठेवीत; आणि जाबजबाबाच्या नावाखाली जो छळ चाले, त्यासाठी आवारातील सायकल-शर्यतींचे वर्तुळ राखून ठेवलेले होते. मस्तकापासून बुरखा पांघरलेला एक मनुष्य बंदिवानांच्या रांगांपुढून फिरविला जाई आणि त्याने ज्याच्याकडे बोट दाखवावे, त्याला उठवून नेले जाई. दरवाजाबाहेर आया आणि पत्नी आपल्या माणसाचा ठावठिकाणा विचारीत ताटकळत उभ्या असत. (गायक व्हिक्तोर हारा यांना याच जागी ठार मारले, असा समज पुष्कळांचा आहे; ते स्थळ म्हणजे शहरातील दुसरे, छताखालचे क्रीडागृह होय.)

याच दिवसांत चिलीचे कवी पाब्लो नेरुदा २३ सप्टेंबरला निवर्तले आणि त्यानंतर तीनच दिवसांनी चिलीचा संघ मॉस्कोत सोव्हिएत संघाशी खेळला. १९७४ च्या विश्वचषकातील एका जागेसाठी या दोन संघांत दोन सामने व्हायचे होते, पैकी हा पहिला ०-० असा सुटला. दुसरा नोव्हेंबरात सांतियागोला, याच मैदानावर, व्हायचा होता. सोव्हिएत संघटनेने तो त्रयस्थ देशात व्हावा अशी मागणी केली, तेव्हा फिफाने आपले उपाध्यक्ष अबिलियो दाल्मेदा आणि सरचिटणीस हेल्मुट केझर यांना प्रत्यक्ष पाहणीसाठी पाठविले. ऑक्टोबरच्या २४ तारखेस हे दोघे क्रीडांगणात हिंडले. हिरवळ उत्तम स्थितीत असल्याची त्यांनी नोंद केली. आत जी माणसे आहेत ती कैदी नसून केवळ ओळख पटावयाची राहिलेले अटकेतील लोक आहेत, असेही अहवालात लिहिले. त्या वेळी सैनिकांनी आम्हांला बाकांखाली दडवून, बंदुकीच्या धाकाने गप्प बसविले होते, अशा साक्षी पुढे सुटलेल्या बंदिवानांनी दिल्या आहेत. मला या साऱ्या प्रकरणात त्या अहवालाइतकी खिन्न करणारी दुसरी वस्तू दिसत नाही. कारण छळणाऱ्याच्या अंगी निदान द्वेष तरी असतो. येथे द्वेषही नव्हता, फक्त आपल्या अखत्यारीची मर्यादा गवताच्या कडेपाशी आखून घेतलेली अधिकारी वृत्ती होती.

नोव्हेंबरच्या प्रारंभी उरलेल्या बंदिवानांपैकी अनेकांची रवानगी उत्तरेकडील वाळवंटातल्या चाकाबुको या ओसाड सोरा-खाणीच्या गावी करण्यात आली आणि मैदान मोकळे झाले. सोव्हिएत संघ आला नाही. २१ नोव्हेंबरला चिलीचे अकरा खेळाडू प्रतिस्पर्ध्यावाचून मैदानात उतरले, मध्यरेषेपासून चेंडू एकमेकांकडे देत निघाले आणि कर्णधार फ्रान्सिस्को वाल्देस याने तो गोलरक्षक नसलेल्या गोलात ढकलला. फिफाने चिलीला २-० असे विजयी ठरविले. जमलेल्या प्रेक्षकांसाठी त्याच दिवशी ब्राझीलच्या सांतोस संघाशी एक मैत्रीपूर्ण सामना झाला, त्यात चिली पाच गोलांनी हरला. वाल्देसने पुढे या गोलाबद्दल लाज वाटत असल्याचे सांगितले असो वा नसो, त्याला मी दोषी धरीत नाही. त्या संगिनींच्या राज्यात मैदानात उतरण्यास नकार देणे म्हणजे काय, हे दूर बसलेल्याने ठरवू नये.

सोव्हिएत राज्यकर्त्यांच्या नकाराचा गौरव मात्र मी सांभाळूनच करीन. स्वतःच्या देशात छावण्या चालविलेल्या आणि प्रागच्या रस्त्यांवर रणगाडे धाडलेल्या सत्तेच्या तोंडी मानवतेची भाषा पूर्णपणे शोभत नव्हती, आणि चिलीतील आपल्या मित्रपक्षाचा पाडाव हेही त्या निर्णयामागचे कारण होते. तथापि हेतू संमिश्र असला म्हणून कृती असत्य ठरत नाही: त्या मैदानावर खेळू नये, हे म्हणणे खरेच होते.

चिलीच्या संघात कार्लोस कासेली नावाचा आक्रमक खेळाडू होता, आयेंदे यांचा उघड समर्थक. विश्वचषकाला निघण्यापूर्वी संघ लष्करी राजवटीचा प्रमुख जनरल पिनोशे याच्यापुढे उभा केला गेला, तेव्हा त्याने आपले हात पाठीमागे ठेवले आणि हस्तांदोलन केले नाही. त्याच्या आईला, ओल्गा गारिदो यांना, अटक करून त्यांचा छळ करण्यात आला. १४ जून १९७४ रोजी पश्चिम बर्लिनमध्ये यजमानांविरुद्ध खेळताना कासेलीला लाल कार्ड मिळाले. विश्वचषकाच्या इतिहासातील ते पहिले. २२ तारखेस, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पावसाने भिजलेल्या सामन्यात, हुकूमशाहीचा निषेध करणारे तरुण चिलीचाच ध्वज घेऊन थेट मैदानात धावले आणि खेळ थांबला. ध्वज हा सत्ताधाऱ्याचा नसून देशाचा असतो, हा दावा त्यांनी शब्दांवाचून मांडला.

चौदा वर्षांनंतर, पिनोशेची मुदत वाढवावी की नाही यावर मतदान घोषित झाले, तेव्हा विरोधकांना दूरदर्शनवर मिळालेल्या रात्रीच्या मोजक्या मिनिटांत एक वयस्क स्त्री आपल्या छळाची हकीकत शांतपणे सांगताना दिसली. मग चित्र सरकले आणि शेजारी बसलेला कासेली म्हणाला की ही माझी आई आहे. ५ ऑक्टोबर १९८८ च्या मतदानात जनतेने नकार दिला.

१२ मार्च १९९० रोजी नवे राष्ट्राध्यक्ष पात्रिसिओ आयल्विन यांनी लोकांसमोरील आपल्या पहिल्या मोठ्या भाषणासाठी हेच क्रीडांगण निवडले, ते जाणूनबुजून. बेपत्ता झालेल्यांच्या घरच्या स्त्रियांनी तेथे क्वेका हे जोडीने नाचावयाचे लोकनृत्य जोडीदारावाचून केले. आयल्विन यांनी सर्व चिलीवासीयांच्या ऐक्याची हाक देताना नागरिकांबरोबर सैनिकांचाही उल्लेख करताच बाकांवरून निषेधाच्या शिट्ट्या उठल्या. ते क्षणभर थांबले आणि आवाज चढवून त्यांनी तेच पुन्हा सांगितले: नागरिक असोत वा सैनिक, चिली एकच आहे. शिट्ट्या वाजविणाऱ्यांची बाजूही निराधार नव्हती. कारण त्या दिवशी पिनोशे लष्कराच्या सरसेनापतिपदावर होताच, आणि आणखी आठ वर्षे तो तेथे राहिला.