शून्य आणि रिकामी जागा: डीकन जोन्सचे सॅक कुणी मोजले?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये सीझनभरात सगळ्यात जास्त 'सॅक' करणाऱ्या खेळाडूला २०१३ पासून डीकन जोन्स पुरस्कार देतात. गंमत म्हणजे लीगच्या अधिकृत आकडेवारीत खुद्द जोन्सच्या नावावर एकही सॅक नाही.

सॅक म्हणजे काय? क्वार्टरबॅकने चेंडू फेकायच्या आत, चाल जिथून सुरू झाली त्या रेषेच्या मागेच त्याला पाडायचं. जोन्स डिफेन्सिव्ह एंड होता, म्हणजे हेच त्याचं मुख्य काम.

त्याचा जन्म १९३८ चा, फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांच्या गावातला. नागरी हक्कांच्या आंदोलनात उतरला म्हणून कॉलेजची स्कॉलरशिप गेली. १९६१ च्या ड्राफ्टमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनी त्याला घेतलं, तेही चौदाव्या फेरीत. तिथे मर्लिन ओल्सन, रोझी ग्रिअर आणि लमार लंडी यांच्यासोबतची त्याची चौकडी 'फिअरसम फोरसम' म्हणून गाजली. पुढे सॅन डिएगो आणि वॉशिंग्टनकडून खेळून १९७४ च्या सीझननंतर तो थांबला. १९८० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. 'सॅक' हा शब्द रुळवण्याचं श्रेयही त्यालाच देतात.

मग नोंद का नाही? कारण लीगने खेळाडूनिहाय सॅक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९८२ मध्ये. जोन्स तोवर निवृत्त झालेला.

जॉन टर्नी आणि निक वेबस्टर या अभ्यासकांनी जुन्या सामन्यांच्या चालवार नोंदी चाळून हे आकडे पुन्हा उभे केले. २०२१ मध्ये प्रो फुटबॉल रेफरन्स या संकेतस्थळाने १९६० पासूनचे आकडे प्रसिद्ध केले. त्यात जोन्सचे सॅक निघाले १७३.५ (दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकी अर्धा). त्याच्या पुढे दोघेच: ब्रूस स्मिथ २०० आणि रेगी व्हाइट १९८. हे दोघेही एनएफएलमध्ये आले १९८५ मध्ये, म्हणजे त्यांची तिथली कारकीर्द पहिल्या दिवसापासून मोजली गेली.

आता आपल्या कामाचं. डेटाशीटमध्ये १९८२ च्या आधीच्या रकान्यांत तुम्ही शून्य भरलंत, तर सॉफ्टवेअर निमूट सरासरी काढून देईल. पण त्या सरासरीचा अर्थ होईल, 'आधीचे खेळाडू सॅक करत नव्हते.' शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही. रिकामी जागा म्हणजे कुणी मोजलंच नाही. हा फरक पुसला, तर लीगच्या कारकुनीतला बदल आपण खेळातला बदल म्हणून मांडून बसतो.

उलट बाजूही लक्षात ठेवा. १७३.५ हा आकडा अभ्यासकांनी नंतर जुळवलेला आहे, लीगने तो अधिकृत केलेला नाही. त्यामुळे तो वापरताना तसं स्पष्ट लिहायचं, आणि स्मिथच्या २०० शेजारी ठेवताना दोन्हींचा उगम सांगायचा.

म्हणून कुठल्याही दप्तरातला तक्ता हातात आला, की आकड्यांच्या आधी एक गोष्ट शोधा: ही मोजणी कधी सुरू झाली, आणि कुणी केली?